बाकावरचं पहिलं वर्ष

१९ ऑगस्ट

काय हा वेंधळेपणा! आणि तोही पहिल्याच दिवशी! हॉलवर गेले, सवयीने थेट पोरींच्या खोलीत शिरले, कोपऱ्यातल्या माझ्या खुंटीला पिशवी अडकवली आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसले. मग एमलिन म्हणाली, "कोच, तुमची खोली पलीकडे. पंचांच्या फ्रिजशेजारी."

"कोच"! आणि वर "तुमची"! मे महिन्यापर्यंत हीच बया न विचारता माझे मोजे घालत होती. शाळेच्या अंगणापासून आम्ही एकत्र बास्केटबॉल खेळलोय. सगळ्या फिदीफिदी हसल्या, मीही हसले. पिशवी उचलून बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. कशाला, कोण जाणे.

माझी खोली म्हणजे कपाटच आहे. फ्रिज सारखा घुरघुरतो.

२० ऑगस्ट

आज बरोबर खोलीत गेले. प्रगती आहे.

२ सप्टेंबर

आई पुन्हा सुरू. "जर्सी कधी टांगणार गं?" आमच्या भागात कुणी खेळणं सोडलं की टेकडीवरच्या चॅपेलमध्ये, माउलीच्या मूर्तीसमोर, शेवटची जर्सी टांगून यायची. आईच्या मते मी टाळतेय. टाळतेय कसली? वेळ कुठे आहे!

सतराव्या वर्षी घर सोडलं. लियों, प्राग, पुन्हा लियों, फ्रान्सच्या संघातून दोन उन्हाळे, गुडघा दोनदा कापून घेतला, आणि शेवटची काही वर्षं आपल्या गावच्या संघात. एवढं सगळं एका खिळ्याला अडकवायचं म्हणजे जरा चांगला दिवस बघायला नको?

(जर्सी माझ्या उशीखाली आहे. धुतलेली आहे!)

१२ ऑक्टोबर

लिहायचीही लाज वाटते. लिहितेच.

शेवटचं मिनिट, एका गुणाने पुढे आम्ही. समोरच्यांचा पास चुकला आणि चेंडू टप्पे घेत थेट माझ्याकडे आला. बाकासमोर. रेषेच्या आत! खेळ चालू! आणि मी काय केलं? वाकले, पकडला, आणि एमलिनला पास दिला. चांगला पास होता तो. तीही शहाणी — घेतला, धावली आणि टोपलीत टाकला! सगळा हॉल उभा राहून टाळ्या पिटतोय, आणि पंच माझ्याकडे असा बघतोय जणू मी त्याच्या ताटातलं बदक पळवलं.

प्रशिक्षकाने चालू खेळात चेंडूला हात लावला. दंड! टोपली रद्द, समोरच्यांना एक मोफत फेक, वर चेंडूही त्यांच्याकडे. हरलो.

जेवायला नेहमीसारखी लांब टेबलं मांडली होती. दोन्ही संघ, पंच, प्रेक्षक, सगळे एकत्र. आई सूप वाढत होती. माझ्यापाशी आल्यावर म्हणाली, "प्रशिक्षक झालीस ना? मग हात खिशात ठेवायला शीक!" पंच इतका हसला की सूप नाकात गेलं त्याच्या. बरं झालं.

१३ ऑक्टोबर

खाटकाने काउंटरवरून सॉसेज फेकलं. "पकडा, कोच!"

पकडलं. जित्याची खोड.

२३ नोव्हेंबर

शेवटून दुसरा क्रमांक. देदे आले होते. देदे म्हणजे आमचे अध्यक्ष. बदकं पाळतात, आणि माणसांशीही बदकांशी बोलावं तसंच बोलतात, लांबून आणि मोठ्याने.

"हे बघ मायलिस! खाली घसरलो तर पगारी संघ बंद. पोरी आपापल्या वाटेने जातील. मग शनिवारी गावाने काय करायचं? बदकांचे सामने लावू?"

"पोरी मेहनत करतायत, देदे."

"करतायत ना! पण एमलिन दमलीय. अख्ख्या गावाला दिसतं. तुलाच दिसत नाही?"

"कप्तान आहे ती."

"मग? मी घरचा कर्ता आहे. म्हणून काय मला कुणी स्वयंपाकघरात उभं करतं?"

पाव चावत बसले.

दिसतं मला. मागे धावताना तिचं एक पाऊल उशिरा पडतं. समोरचीने वेग घेतला की एमलिन हाताने तिचा कपडा धरते. मीही शेवटच्या वर्षी तेच करत होते.

१८ जानेवारी

पुन्हा हरलो. पुन्हा एमलिनला पूर्ण वेळ ठेवलं. विल्डा बाकावर तडफडत होती. चोवीस वर्षांची, पायांत स्प्रिंग, माझ्याकडे एकदाही न बघता टॉवेल पिळत होती. टॉवेल कोरडा होता.

स्वतःशी तरी खरं बोलावं. मला एमलिनला 'बस' म्हणता येत नाही. ती मैदानात आहे तोवर वाटतं की मीही अजून तिथेच कुठेतरी आहे, तिच्या बाजूला. ती बसली की मग मीही खरंच बसले.

आणि या लाडापायी सगळा संघ बुडतोय!

१ फेब्रुवारी

टांगली!

कुणाला सांगितलं नव्हतं, पण आईला वास लागतो. गाडीत बसायला आले तर ही शिडी घेऊन हजर. चॅपेलमध्ये बोचरी थंडी. एका भिंतीवर पुयारवाल्यांच्या जर्सी, म्हणजे शेजारच्या गावच्या. त्या रांगेत मुळीच नाही, म्हटलं. माउली असली म्हणून काय झालं! आमच्या भिंतीवर खिळा ठोकला. जर्सी अडकवली आणि शिडीवरच ढसाढसा रडले. चांगली मोठ्याने.

आई खाली शिडी धरून उभी. मग म्हणाली, "जरा उजवीकडे घे. वाकडी दिसते."

परत येताना आम्ही दोघींनी क्रीम भरलेले पाव खाल्ले. हलकं वाटतंय. खरंच.

७ फेब्रुवारी

सांगितलं एमलिनला. सरावानंतर, त्या फ्रिजशेजारी.

"उद्या सुरुवातीला विल्डा खेळेल. तू नंतर ये."

आधी हसली. तिला मस्करी वाटली. मग माझा चेहरा बघितला.

"किती नंतर?"

"मी सांगेन तेव्हा."

"अस्सं! स्वतःची जर्सी टांगलीस, आता माझ्यासाठी खिळा शोधतेस होय?" (गावात काही लपत नाही!)

"जिंकायचंय एमलिन."

"मला काय हरायचंय?"

दार आपटलं. फ्रिजवरच्या बाटल्या हलल्या. मीही हलले, पण शब्द मागे घेतला नाही. माझ्या लग्नाची साक्षीदार आहे ही. घटस्फोटाचीसुद्धा.

८ फेब्रुवारी

जिंकलो! विल्डा वाऱ्यासारखी पळाली. शेवटी एमलिनला उतरवलं, ताजीतवानी, आणि तिने दोन लांबच्या फेका अशा टाकल्या की कडीला चेंडू शिवलासुद्धा नाही.

सामना संपल्यावर आमच्यात सगळ्या सगळ्यांच्या गालाला गाल लावतात. दोन वेळा. घामट असलं तरी. एमलिन माझ्यापाशी आली आणि हात पुढे केला. हस्तांदोलन! जणू मी आयकर खात्यातून आलेय! आणि जेवताना पाहुण्या संघाच्या टोकाला जाऊन बसली. त्यांच्याशी हसत होती. मला बदक गिळवेना.

१ मार्च

अजून हस्तांदोलनच. पण जिंकतोय!

२९ मार्च

देदेंनी मोजून सांगितलं, शेवटचा सामना जिंकला तर वाचलो, नाहीतर गेलो. तो सामना पुयारमध्ये. अर्थात! देवाला विनोदाची हौस.

२६ एप्रिल

वाचलो! वाचलो! वाचलो!!

आवाज पूर्ण गेलाय, म्हणून इथे ओरडतेय.

पुयारचा हॉल म्हणजे उकळतं भांडं. आमचं अर्धं गाव, त्यांचं सगळं गाव. शेवटच्या मिनिटांत विल्डाचे पाचही फाउल भरले, ती बाहेर. बरोबरी. मी बाकाकडे वळले. एमलिन आधीच उभी होती, जॅकेट काढून. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "माहीत आहे. हळू खेळवायचं, घाई नाही. तू फक्त ओरडू नकोस."

ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा! तिने चेंडू हातात ठेवला, ठेवला, पुयारवाल्या तिच्यावर झेपावल्या आणि टोपलीखाली आमची मोठी सान्द्रीन एकटी उरली. पास. टोपली. भोंगा. आम्ही अशा धावत सुटलो की पंचांसकट सगळे आमच्या पायाखाली आले असते.

तेव्हा एमलिन आली. दोन्ही गालांवर दोन, आणि मग आणखी दोन. "बाकावरून खेळ फार छान दिसतो गं," म्हणाली, "तुझ्या चुकासुद्धा!" इतकी हसले. पुयारच्या जेवणात मुद्दाम माझ्या शेजारी बसली आणि माझ्या ताटातले बटाटे उचलले. त्यांचा अध्यक्ष तिच्याशी फार गोड बोलत होता. म्हटलं, हरलेल्या माणसाचा चांगुलपणा!

देदे टेबलावर चढून बदकासारखे नाचले. टेबल तुटलं. पुयारचं होतं, त्यामुळे हरकत नाही.

३ मे

प्रशिक्षक म्हणून पुढची दोन वर्षं पक्की. देदे म्हणाले, "आता तरी हात खिशात." आईने सगळ्यांना शिकवून ठेवलंय.

८ जून

एमलिन आली होती. पीचचा केक घेऊन. केक बघूनच ओळखलं, काहीतरी आहे. ही मोकळ्या हाताने येणारी बाई.

पुयारने तिला घेतलं. सही झाली.

"बाकावर?" मी विचारलं. उचलली जीभ...

"छे! पहिल्या पाचांत." मग माझा हात धरला. "रागावून नाही जात गं. शाळेपासून तुझ्या बाजूने खेळले, मायलिस. तुला हरवायचं तेवढं राहून गेलंय!"

दोघी हसलो, दोघी रडलो, केक संपवला.

ती गेल्यावर डावपेचांचा फळा पुसला आणि वर तिचं नाव लिहिलं. दबाव आला की एमलिनला उजवीकडून सुटता येत नाही. आजवर हे जगात फक्त मला माहीत होतं. ऑगस्टमध्ये माझ्या सगळ्या पोरींना माहीत असेल.