टोमॅटोची पेटी आणि तीन पिकअप

द्वारका, नवी दिल्ली
होळीनंतरचा बुधवार

आदरणीय बळवंतराव,

साष्टांग नमस्कार. (वाकायला कंबर सध्या सहकार्य करत नाही, तेवढं वजा समजावं. तिचं काय झालं ते पुढे येईलच.) आपली तब्येत, लतिकावहिनींचे गुडघे आणि देवगडचा मोहोर, तिन्हींची खुशाली कळवावी. मोहोराची जरा सविस्तर कळवा. इकडे वासंती ठणठणीत आहे. इतकी ठणठणीत की मला धडकी भरली आहे, आणि त्यासाठीच हे पत्र. फोनच केला असता, पण मी फोन लावला की तुमची धाकटी बहीण "दादाला माझा नमस्कार सांगा" म्हणत शेजारी येऊन बसते आणि शेवटपर्यंत हलत नाही.

तुम्ही दरवर्षी निझामुद्दीन स्टेशनला पार्सलने हापूस पाठवता आणि वासंती तो आमच्या सोसायटीत आणि जुन्या ओळखीवर आर. के. पुरमच्या क्वार्टर्समध्ये विकते. शाळेतली नोकरी संपल्यावर बायका भजनी मंडळ धरतात, हिने आंबा धरला. गेल्या वर्षी भाड्याचा टेंपोवाला पेट्या भर उन्हात ठेवून "बस दो मिनट, मॅडम" असं म्हणून छोले-भटुरे खायला गेला तो तासाभराने ढेकर देत आला, आणि तुमच्या कष्टाच्या आंब्याचा टेंपोतच आमरस झाला. त्या दिवशी वासंतीने टेंपोवाल्याला शांतपणे पुरं भाडं मोजून दिलं. मी तेव्हाच घाबरायला हवं होतं. दिवाळीनंतर तिने सेक्टरातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, संक्रांतीला तिळगुळाबरोबर लायसन्स माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, अहो, आपण एक छोटी पिकअप घेऊ या, पहाटे नो-एंट्री लागायच्या आत मीच स्टेशनवरून पेट्या आणत जाईन.

माझी पाचावर धारण बसली. बळवंतराव, दिल्लीतली सगळी नोकरी मी चार्टर्ड बसमध्ये खिडकीपासून लांबची सीट पकडून काढली. रस्ता ओलांडताना मी अजून अनोळखी माणसाचं कोपर धरतो. (एका सरदारजींचं कोपर सोडायचं मी विसरलो, तर त्यांनी मला घरी नेऊन लस्सी पाजली होती.) रिंग रोडवर लोक गाडी चालवत नाहीत, कुणाचा तरी सूड उगवतात. त्या रस्त्यावर ही बाई पहाटे एकटी जाणार, तेही मागे आंबे लादून!

पण वासंतीला नाही म्हणायची प्राज्ञा कुणाची? तुमची तरी कधी झाली का? म्हणून मी ऑफिसातला उपाय काढला. खरेदी विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नकोसा प्रस्ताव कधी नाकारायचा नाही. त्याच्यासाठी तीन कोटेशन मागवायची, किंमत, इंधन आणि दर्जा असे तीन रकाने आखायचे आणि तिघांची समिती नेमायची. तीन रकान्यांत तीन वेगवेगळे माल जिंकतात, समितीची तीन तोंडं तीन दिशांना होतात आणि प्रस्ताव कुणालाही न दुखावता निवर्ततो. आमच्या मजल्यावर वॉटर कूलर हवा म्हणून मागणी आली होती, ती मागणी करणारे रिटायर झाले, मग मीही झालो, अजून लोक घरूनच बाटली नेतात.

तेव्हा मी म्हणालो, बिल्कुल घेऊ, पण रीतसर. माझा हिशेब असा की समितीचं काम संपेपर्यंत आंब्याचा सीझन संपेल. समितीत मी, वासंती आणि शेजारचे विश्वास गुप्ते. गुप्त्यांना मुद्दाम घेतलं, कारण प्रसादाच्या शिऱ्यात केळं घालावं की नाही इथपासून त्यांचं आणि वासंतीचं आजवर कशावरही एकमत झालेलं नाही. गाड्या तीन. कंपन्यांची नावं लिहीत नाही (कोटेशनची गोपनीयता, सवय जात नाही), पांढरी, निळी आणि मातकट म्हणतो.

किमतीत मातकट सगळ्यांत महाग निघाली. मला हायसं वाटलं. केवळ उपचार म्हणून तिच्या डीलरला मी आमच्या जुन्या सरकारी हिंदीत पत्र टाकलं, की आपके दर अनुचित पाए गए हैं, स्पष्टीकरण प्रस्तुत करें. तो बिचारा इतका हादरला (हादरलेल्या माणसाबद्दल मला फार माया वाटते) की त्याने गाडी सगळ्यांत स्वस्त असलेल्या पांढरीहूनही स्वस्त केली आणि वर ताडपत्री फुकट देऊ केली. इंधनाचा रकाना गुप्त्यांकडे होता. कंपन्यांच्या छापील कागदांवर विश्वास ठेवायचा तर तिन्ही गाड्या सीएनजीच्या नुसत्या वासावर गुडगावला जाऊन येतात. म्हणून गुप्ते थेट पंपावरच्या रांगेत जाऊन ड्रायव्हर लोकांना विचारत उभे राहिले. पांढरीवाल्याने गाडीचा उद्धार केला, निळीवाल्याने गुप्त्यांचा. मातकटवाला सापडेचना. चौकशीअंती कळलं की मातकटवाल्यांना पंपावर फारसं यावंच लागत नाही.

उरला दर्जा. तिथे मीच एक परीक्षा सुचवली. (कुठून सुचली मेली!) आंब्याच्या रिकाम्या पेटीत पेंढा घालून पिकलेले टोमॅटो भरायचे आणि प्रत्येक गाडीत ठेवून एकाच रस्त्यावर फिरवायचे. आमच्या सेक्टरातले स्पीडब्रेकर पाहता तिन्ही गाड्या नापास होणार याची मला खात्री होती. पांढरी आणि निळी सेल्समननी हाकली, वासंती शेजारी बसली आणि मी शोरूमच्या पंख्याखाली अध्यक्षपद सांभाळलं. दोन्ही वेळा पेटी गळत परत आली. (घरात तेव्हापासून टोमॅटोचं सारच चालू आहे.) तिसऱ्या वेळी मातकटवाला सेल्समन म्हणाला, मॅडम, आप ही चलाइए ना. आणि ही चढली की हो! पुढे जागा दोनच, एक हिची, एक त्याची. इंजिन घुरघुरलं आणि माझे पाय मला न विचारता मागच्या हौद्यात चढले. (बेकायदेशीर आहे, माहीत आहे. ओरडू नका.)

पुढचं ऐका. डोक्यावरून विमान गेलं ते इतकं खालून की मी मान खाली घातली. समोरून राँग साइडने ई-रिक्षा, मागे पाण्याचा टँकर, आणि तो टँकरवाला मला बघून हसत होता. मी डोळे मिटून मारुतीरायाला एक नारळ बोललो, पुढच्या वळणावर आणखी एक. एका स्पीडब्रेकरवर मी आधी खाली आलो आणि माझी कंबर नंतर. परत आल्यावर पेटी उघडली, तर एका टोमॅटोलाही ओरखडा नाही.

तिन्ही रकान्यांत एकच गाडी! माझ्या सबंध नोकरीत असं कधी झालं नव्हतं. गुप्ते उठले, वासंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, सहमत! गाडी पाडव्याला दारात येते आहे. मला झोप नाही. लागलीच तर स्वप्नात धुकं, आश्रम चौक आणि समोरून येणारा ट्रक दिसतो. तिला काही झालं तर, बळवंतराव, मी काय करू? मला या घरात साखरेचा डबासुद्धा सापडत नाही. हे थट्टेने लिहीत नाही.

वहिनींना नमस्कार सांगावा आणि गुडघ्यांना शेक चालू ठेवावा.

आपला भेदरलेला,
भालचंद्र

ता. क. मोहोराची चौकशी उगाच केली नव्हती. मोहोर कसाही असो, वासंतीला एवढंच कळवा की यंदा तुडतुड्याने बाग खाल्ली, आंबा नाही. आंबा नाही तर गाडी कशाला? खोटं बोलल्याचं पाप माझ्या माथी.

पुन्हा ता. क. एक गोष्ट समितीपुढे आलेलीच नाही. मातकट गाडीत चढल्यापासून उतरेपर्यंत मी त्या पेटीला मिठी मारून बसलो होतो. धरायला दुसरं काही नव्हतंच! म्हणजे टोमॅटो गाडीने नाही वाचवले, माझ्या भीतीने वाचवले. म्हणजे दर्जाचा रकाना बाद, निकाल रद्द! हे आत्ता लिहिताना डोक्यात आलं. आता तुम्हाला खोटं बोलायची गरजच नाही. थांबा, तिला सांगून येतो.

आणखी एक ता. क. सांगितलं. ती मटार सोलत होती, सोलतच राहिली. म्हणाली, माहीत आहे, आरशात दिसत होतात की. मी म्हटलं, मग समितीत बोलली का नाहीस? तर हात थांबवून म्हणाली, अहो, माझेही हात लटपटत होते स्टिअरिंगवर. तुम्ही मागे डोळे मिटून पेटी धरून बसलेले दिसलात, म्हणून मी गाडी हळू घेतली. पहाटे याल ना बरोबर?

बळवंतराव, नकोशा प्रस्तावाचं मी काय करतो ते वर लिहिलंच आहे. या वेळी मी कोटेशन मागवलं नाही, लगेच हो म्हणालो. तेव्हा तुडतुड्याचं काही कळवू नका, आंबा नेहमीसारखा पाठवा. पुढच्या सीटवर मी बसणार आहे, आणि मला धरायला काहीतरी लागतं. बाकीच्या पेट्या कशाही बांधा, एक मात्र जरा लहान बांधा, माझ्या मिठीत मावेल अशी.