पंचवीस हजार पाचशे पासष्ट नंबरचं दार

शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतं. गुडघे वाकवायची कामं मी हल्ली पत्रातच उरकतो.) इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचा खांदा आता पूर्ण वर जातो, त्यामुळे माळ्यावरचे डबे ती स्वतःच काढते आणि मी चुकीच्या जागी ठेवले होते हेही स्वतःच शोधते. सुनेला दाताच्या दवाखान्यात सकाळची पाळी मिळाली आहे. माझी प्रकृती उत्तम असून घरच्यांची तक्रार नेमकी त्याबद्दलच आहे. तुझा गुडघा कसा आहे? भाची कामावर गेल्यावर उगाच चार मजले उतरून खाली जाऊ नकोस. त्या इमारतीत अजून तुझी कोणाशी ओळख नाही हे मला ठाऊक आहे, पण ओळख करून घ्यायची तर लिफ्ट दुरुस्त झाल्यावर कर.

आता मुख्य बातमी. ताई, दार उघडलं! पंचवीस हजार पाचशे पासष्ट नंबरचं दार उघडलं, ते मी उघडलं, आणि उघडं राहिलं. ही बातमी फोनवर सांगून वाया घालवायची नव्हती. छत्तीस वर्षं टपालाच्या छाटणीत उभं राहून मी लोकांच्या आनंदाच्या बातम्या कप्प्याकप्प्यांत टाकल्या, तर स्वतःचा एवढा मोठा विजय तिकीट लावूनच जाईल. खटाटोपाचा इतिहास तुला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे, पण जिंकलेल्या माणसाने तो एकदा सलग लिहायचा असतो. तेव्हा उशी पाठीशी घे आणि वाच.

तू भाचीकडे राहायला गेलीस त्याला साडेतीन महिने झाले. त्याआधी चार वर्षं आपण दोघं रोज दुपारी चार वाजता त्या ठोकळ्यांच्या जगात जात होतो, तू तुझ्या खोलीत टॅब घेऊन आणि मी पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन. (मी निवृत्त झाल्यावर घरातल्या चपला रस्त्यांच्या क्रमाने लावायला लागलो, तेव्हा सुनेने घाबरून हा गेम आणून दिला होता. मागच्या खोलीतल्या फळीवरचा जुना संगणक त्याचा सर्व्हर. ते जग त्याच्या पोटात.) तू गाडीत बसताना मी काच खाली करायला लावून तुला शब्द दिला होता की आठ दिवसांत तुला त्या जगातल्या तुझ्या बागेत आणून सोडतो, तू तिथे बसून इथे ये. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला, आणि बाहेरून तुला ‘वेळ संपली’ एवढा एकच निरोप मिळत राहिला. मी रविवारी फोन केला की तू दोन वाक्यं बोलायचीस. बरी आहे, आणि जेवण झालं. जी बाई इथे भाजी निवडताना सगळ्या गल्लीचा इतिहास सांगायची, तिची दोन वाक्यं ऐकून मी फोन नीट लागला आहे ना ते तपासायचो. चार वाजता मी तुझ्या बागेच्या कुंपणाशी एकटा उभा राहायचो आणि आत जायचं जिवावर यायचं.

पहिली चूक माझी, आणि माझ्या नोकरीला न शोभणारी. मी तुला सर्व्हरचा जो पत्ता दिला तो घरातल्या घरातला होता. पाकिटावर ‘मागची खोली, फळीवर’ एवढंच लिहून ते पेटीत टाकावं तसा. असं पाकीट माझ्या हाती आलं असतं तर लिहिणाऱ्याच्या अकलेबद्दल मी शेजारच्या टेबलाशी दहा मिनिटं बोललो असतो. घराचा बाहेरचा पत्ता एक, आणि आत यंत्रं नऊ. बाहेरून कोणी आलं तर त्याला कोणाकडे पाठवायचं हे राउटरला, म्हणजे कपाटावरच्या त्या दिवे मिचकावणाऱ्या डब्याला, आधी सांगून ठेवावं लागतं. पंचवीस हजार पाचशे पासष्ट नंबरच्या दाराशी जो येईल त्याला काही न विचारता मागच्या खोलीत सोड. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. आमच्या खात्यात यासाठी साधा ‘पत्ता बदलला, पुढे पाठवा’ असा अर्ज असे, आणि तो भरायला पासवर्ड लागत नसे.

इथे लागतो. तो डब्याच्या बुडाला चिकटवलेला, आणि डबा कंपनीच्या माणसाने कपाटाच्या डोक्यावर स्क्रूने बसवलेला. मी स्टुलावर चढून वहिनीचा हातातला आरसा खाली सरकवला आणि त्यात दिसेल तसं वाचून काढलं. आरशात अक्षरं उलटी दिसतात हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी ते मला कोणी सांगितलं नाही. तीन वेळा चुकल्यावर डब्याने मला चोर समजून कोंडून घेतलं. संध्याकाळी सून आली, फोन खाली सरकवून फोटो काढला, तो उलटवला आणि हात धुवायला गेली. मी स्टूल जागेवर ठेवलं.

मग प्रिंटरचं प्रकरण. नियम बिनचूक भरला, तुला कळवलं, आणि नेमकी वीज गेली. वीज परत आल्यावर राउटरने आतले पत्ते नव्याने वाटले आणि सर्व्हरचा जुना पत्ता उचलून प्रिंटरला देऊन टाकला! म्हणजे अकरा दिवस तू तिकडून दार ठोठावत होतीस आणि आत तो प्रिंटर बसला होता, जो घरच्या माणसांनाही दाद देत नाही. मी सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवला. (प्रिंटरलाही एक राखून दिला. राग धरून काय करायचं?) तरीही तुझी वेळ संपायची ती संपतच राहिली.

यापुढचा भाग माझ्या कर्तृत्वाचा आहे, म्हणून जरा सावकाश वाच. मी राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता कागदावर लिहिला, आणि जगाला आपल्या घराचा जो पत्ता दिसतो तो त्याच्याखाली लिहिला. दोन आकडे जुळेनात. सून म्हणाली, असेल काहीतरी. असेल काहीतरी हे वाक्य छाटणीत चालत नाही. मी ओळखलं की कंपनीने आपल्यासारख्या शेकडो घरांना मिळून एकच पत्ता दिला आहे. सगळ्या इमारतीला मिळून एकच टपालपेटी, आणि किल्ली पहारेकऱ्याच्या खिशात. अशा पेटीत आपल्या नावाचं दार मागून काय मिळणार?

कंपनीला फोन लावला. तिथली पद्धत अशी की तुम्ही काहीही सांगा, राउटर बंद करून चालू करा असंच उत्तर येतं. मी चौदा वेळा बंद करून चालू केला, म्हणजे तेरा वेळा केला आणि एकदा नुसतं केला असं म्हणालो. पंधराव्या फोनला जी मुलगी भेटली तिला मी टपालपेटीचा दाखला पहिल्यापासून दिला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काका, तुम्ही आधी कुठे कामाला होतात? मी सांगितलं. मग तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, असं म्हणून तिने घरासाठी स्वतंत्र पत्त्याचा अर्ज तिथल्या तिथे भरून टाकला. मागच्या महिन्याच्या अठरा तारखेला पत्ता मिळाला. फक्त आपला. मी तो तुला फोनवर दोनदा वाचून दाखवला आणि तू दोनदा लिहून घेतलास.

आणि तरीही लागेना! इथे मी जवळजवळ हात टेकले होते. छाटणीत नवीन वाटप सुरू झालं की पहिल्या दिवशी आम्ही स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर एक पाकीट टाकायचो. ते फिरून घरी आलं की वाटप ठीक, नाही आलं की कुठेतरी माती खाल्ली. छत्तीस वर्षांत या कसोटीने मला एकदाही फसवलं नाही. तेव्हा मी इथे आरामखुर्चीत बसून फोनवरून आपल्याच बाहेरच्या पत्त्याला हाक मारायचो, आणि वेळ संपायची. रोज चार वाजता तुला फोन करून विचारायचो, आता बघ बरं. तू म्हणायचीस, थांब, चष्मा लावते. मग, नाही रे, लागत नाही. तुझा धीर दांडगा, ताई. एकदाही वैतागली नाहीस. उलट लागत नाही म्हणून झालं की आपण तासतासभर बोलत बसायचो. तुझ्या समोरच्या गच्चीवर वाळत घातलेली एकाच रंगाची सात पांघरुणं, आणि वडिलांची सायकल नक्की कोणी मोडली हा बावन्न वर्षं जुना वाद. तो आपण पुन्हा पहिल्यापासून काढला आणि अजून पुराव्यांवरच आहोत.

मध्येच एक भानगड झाली. तुझ्या बागेत तळ्याकाठी एक बाक दिसला. मी ठेवला नव्हता. मी सुनेवर आळ घेतला की माझ्या बहिणीच्या बागेत विचारल्याशिवाय लाकूडकाम कसं करतेस. तिने शपथ घेतली. मग वहिनीवर संशय घेतला, जिला तो गेम उघडताही येत नाही, आणि त्याबद्दल मला दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं.

काल सकाळी मी केस कापायला गेलो. अर्धं डोकं झालं होतं, अर्धं बाकी. सलूनवाला कात्री शोधत होता, म्हणून मी सवयीने चादरीखालून फोन काढून ते बटण दाबलं. (घरात दिवसातून वीसेक वेळा दाबायचो. लोक तंबाखू चोळतात तसं.) आणि ताई, समोर बाग! तुझं तळं, तुझी पिवळी फुलं, तो बाक. मी खुर्चीतून उठलो तो चादरीसकट रस्त्यावर. हे वहिनीला दाखवायचं म्हणून घरापर्यंत धूम ठोकली. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि बाग गेली, वेळ संपली. मागे आलो, फाटकाबाहेर तीन पावलं, आणि बाग हजर. आत, गेली. बाहेर, आली. असं मी आठ वेळा केलं. सलूनवाला कात्री घेऊन मागोमाग पोचला होता, कारण चादर त्याची होती. वहिनी खिडकीतून पाहत होती. अर्धवट कापलेल्या डोक्याचा, गळ्यात चादर बांधलेला नवरा फाटकातून आतबाहेर करतो आहे आणि दर वेळी बाहेर गेल्यावर टाळ्या वाजवतो आहे, हे पाहून तिने फक्त एवढंच विचारलं की डॉक्टरला बोलवू की सुनेला.

सून आली आणि दोन वाक्यांत उलगडा झाला. आपला राउटर घरातून निघून घराच्याच पत्त्यावर येणाऱ्याला परत आत घेत नाही. फाटकाच्या आत फोन घरचं वायफाय धरतो, बाहेर पडला की मोबाइल कंपनीचं. बाहेरचा कोणीही येऊ शकत होता. फक्त मी येऊ शकत नव्हतो, आणि मीच रोज तपासत होतो. माझं पाकीट मलाच परत येणार नव्हतं, बाकी सगळ्या गावाला वाटप चालू होतं. छत्तीस वर्षांची कसोटी फाटकात पडली, पण ताई, मला वाईट वाटलं नाही. मी उरलेलं डोकं कापून घेतलं, सलूनवाल्याला आणि रांगेतल्या तिघांना पोर्ट फॉरवर्डिंग पहिल्यापासून समजावलं, आणि विजेत्यासारखा घरी चालत आलो.

तेव्हा तुझा धाकटा तुला रीतसर कळवतो की दार उघडं आहे, शब्द पाळला आहे, उशीर झाला त्याची माफी असावी. भाचीला आशीर्वाद. गुडघ्याला जप, आणि लहान भावावरची माया होती तेवढीच राहू दे, वाढवायला जागा नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. सर्व्हर एक नोंदवही ठेवतो, कोण किती वाजता आत आलं याची. सलूनमधली माझी नोंद डोळे भरून पाहावी म्हणून मी ती उघडली. बाहेरून आल्याच्या माझ्या ओळी फक्त त्या सकाळच्या होत्या. त्यांच्या वर ‘मोठी’ या नावाने रोजची एक ओळ, दुपारी दोनच्या सुमारास, एकोणीस तारखेपासून, रविवार धरून. बाक कोणी ठेवला ते कळलं. सुनेची आणि वहिनीची माफी मागून झाली आहे. चार वाजता चष्मा लावून ‘लागत नाही रे’ म्हणणाऱ्या बाईला एवढंच सांगतो की माझ्या अख्ख्या नोकरीत कोणी मला इतक्या सफाईने फसवलं नव्हतं, आणि नोंदवही मिटल्यावर मी बराच वेळ नाक शिंकरत होतो.

ता. क. दुसरा. वर ‘काल सकाळी’ असं लिहिलं आहे, तेही खरं नाही. केस मंगळवारी कापले. आज शनिवार. मधले दिवस मी सगळं माहीत असून तुला चार वाजता फोन करत होतो, तू नाही म्हणत होतीस आणि मी बरं म्हणत होतो. पत्र टपालाने पाठवायचं खरं कारणही हेच, की ते पोचेपर्यंत आणखी दोनतीन फोन पदरात पडतात.

ता. क. तिसरा, आणि पत्र याच्यासाठीच. दार उघडलं म्हणून फोन बंद करायचा नाही. सायकलचा निकाल अजून बाकी आहे. बाकावर दोघांची जागा केली आहेस ती मी पाहिली. तू चारला आधी जाऊन बस, मी घरातल्या पत्त्याने येतो आणि फोन लावतो. फक्त उचलल्यावर, आजवर म्हणत आलीस तसंच, आधी ‘नाही रे, लागत नाही’ म्हण. त्याशिवाय मला बोलायला सुरुवात करता येत नाही.