मे महिन्यातला स्वर्गीय नर्तक

बाबा, तुमचं पक्ष्यांचं पुस्तक अजून माझ्याकडे आहे. कोपरे मऊ पडलेत, खाकी कव्हर मी दोनदा बदललं, पण आतली काही पानं अजून तुम्ही शिवलेली तशीच आहेत. काल त्या पुस्तकापायी मी एका नऊ वर्षांच्या मुलीशी खोटं बोलले, आणि तेही तुमच्या नावावर. तेवढं तुम्हाला सांगायचं आहे. पण ते सांगायचं तर आधी जुनं एक सांगावं लागतं, आणि ते मी पन्नास वर्षं टाळलंय.

पुस्तक तुम्ही आणलंत तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यातून तुम्ही यायचात तेव्हा नखांत निळा नाहीतर जांभळा रंग असायचा, कितीही घासलंत तरी जायचा नाही. त्या हातांनी तुम्ही पुस्तक माझ्यासमोर धरलंत आणि मुखपृष्ठावरचा शब्द दाखवलात, ‘लहानथोरांसाठी’. म्हणालात, “म्हणजे तुझंही आणि माझंही. भांडण नको.” पुढे सगळी रंगीत चित्रं होती आणि मागे एकेका पक्ष्याला समोरासमोरची दोन पानं, माहितीची. ती मागची पानं तुम्ही त्याच संध्याकाळी आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेऊन शिवून टाकलीत. प्रत्येक पक्ष्याची दोन पानं एकमेकांना, कडेने चार टाके. चित्र बघायला मोकळीक, पण माहिती पक्षी दिसल्यावरच. “आधी बघायचं, मग वाचायचं,” हा तुमचा नियम. आई म्हणाली, “अहो, पुस्तक आहे की उशीचा अभ्रा?” पण सुई तिनेच ओवून दिली होती, कारण तुम्हाला ते कधीच जमलं नाही.

मग दर रविवारी सकाळी आपण दोघं भोपरच्या टेकडीवर. वेडा राघू दिसला, तांबट दिसला, नाल्याशी खंड्या दिसला. घरी आल्यावर आई चहा टाकतेय, मी ओट्यावर पाय सोडून बसलेय, तुम्ही दाढीच्या पात्याने टाके कापताय आणि उभ्यानेच मोठ्याने वाचताय. कारखान्यातली माणसं ओरडून बोलतात तसा तुमचा आवाज, पण वाचताना एकदम खाली यायचा. वाचून झालं की पेन्सिलीने समासात तारीख, जागा आणि कोणाला दिसला ते. नंतर मी पुस्तकं पुष्कळ वाचली, झाडांची, समुद्राची, जंगलांची. पण दुसऱ्याच्या आवाजातून एखादं पान असं उघडताना मी परत कधी ऐकलं नाही. अजूनही मला पुस्तक मनात वाचता येत नाही, ओठ हलतात, आणि ऐकायला घरात कोणी नाही.

तो मे महिना होता. तुम्हाला रविवारची ड्युटी लागलेली. म्हणालात, “तू एकटी जाऊन ये, नाल्यापर्यंतच, आणि काय दिसलं ते नीट लक्षात ठेव. आज माझे डोळे तुझ्याकडे.” मी गेलेच नाही. पाटकरवाडीच्या कोपऱ्यावरच्या मैत्रिणीकडे नवा टीव्ही आला होता, तिथे जाऊन बसले. संध्याकाळी तुम्ही दारातच, चप्पल काढायच्या आधी विचारलंत, “काय काय दिसलं गं?” काहीच नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तुमच्या तोंडावर असं काही होतं की मला ते म्हणवेना, आणि एकदा खोटं बोलायचं तर कंजुषी कशाला, म्हणून मी पुस्तकातला सगळ्यात देखणा पक्षी निवडला. स्वर्गीय नर्तक. पांढराशुभ्र, काळं डोकं, फितीसारखी लांब शेपटी, चित्रात होतं ते सगळं घडाघडा सांगितलं. तुम्ही चप्पल घालूनच आत आलात. आई ओरडली तेही तुम्हाला ऐकू गेलं नाही.

तुम्ही टाके कापलेत, वाचायला लागलात, आणि मध्येच थांबलात. मला वाटलं पाणी हवं असेल, मी तांब्या दिला. तुम्ही प्यायलात, माझ्याकडे पाहिलंत, आणि उरलेलं पान वाचलंत. समासात लिहिलंत, मे महिन्यातली ती तारीख, ‘भोपर, नाला. बेबीला दिसला.’ माझा जीव भांड्यात पडला. मी सुटले, असंच मला वाटलं.

त्यानंतर डिसेंबर उजाडला आणि तुम्ही म्हणालात, “चल, तुझा नाला दाखव.” मी म्हटलं, क्लास आहे. पुढच्या रविवारी थंडी होती. मग परीक्षा, मग मैत्रिणी, मग कॉलेज, मग वागळे इस्टेटमधली नोकरी आणि एकच सुट्टी. तुम्ही दर थंडीत विचारायचात, एकदाच, आग्रह न करता, आणि मग एकटे जायचात. परत आलात की पाय धुता धुता म्हणायचात, “आज नाही दिसला.” मला त्याचा राग यायचा, बाबा. खोटं मी बोलले होते आणि चिडायचे तुमच्यावर, की हा माणूस नाद का सोडत नाही. तुमच्या शेवटच्या थंडीत तर जिना उतरतानाही दम लागायचा. तरी तुम्ही गेलात, आणि “आज नाही” म्हणत आलात.

तुमच्यानंतर पुष्कळ वर्षांनी माझ्या मुलीला मी तेच पान मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि तुम्ही थांबला होतात तिथेच मी थांबले. तिथे लिहिलंय की हा पक्षी आपल्या भागात फक्त थंडीत येतो, मार्च सरता सरता परत जातो. खोटं बोलले तेव्हा पान शिवलेलं होतं म्हणून मला ते ठाऊक नव्हतं, तेवढं वाक्य तुम्ही मोठ्याने वाचलंच नाहीत, आणि नंतर ते पान उघडायला मी धजले नाही. तुम्ही उभे राहून ते मनातल्या मनात वाचलंत, मे महिन्यात, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, आणि तरी समासात माझं नाव लिहिलंत. तुम्ही ओरडायला हवं होतं. दोन फटके चालले असते. त्याऐवजी तुम्ही इतक्या थंड्या मला बोलावत राहिलात, की खरंच दिसू दे हिला एकदा, म्हणजे लिहिलेलं खोटं राहणार नाही. की तुम्हाला वाटत होतं, पुस्तकच चुकलं असेल? हे मला आता कोण सांगणार?

आता कालचं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी मी निसर्गाची पुस्तकं वाचून दाखवते. मुलं येतात, दोन आजोबा येतात, एक झोपतात. मुलगी परदेशी गेल्यापासून आणि हे गेल्यापासून आठवड्यात माणसांचा आवाज माझ्या वाट्याला येतो तो तेवढा तासभर, त्यामुळे तो मी जपते. काल तुमचं पुस्तक नेलं. शिवलेली पानं बघून पोरं खूश. बी विंगमधली ती नऊ वर्षांची मुलगी मात्र समासातलं वाचत बसली आणि म्हणाली, “आजी, हे राँग आहे. इथे मे लिहिलंय. पण हा बर्ड तर फक्त विंटरमध्ये येतो ना?” सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “माझ्या बाबांनी लिहिलंय ते. त्यांचा काहीतरी घोळ झाला असेल.” एक पोरगा हसून म्हणाला, “आजोबांनी फेकलंय!” आणि सगळे हसले. मीही हसले, बाबा.

ती मुलगी हसली नाही. पुस्तक बंद करून माझ्या हातात देताना म्हणाली, “पण बाकी सगळं तर त्यांनी बरोबर लिहिलंय.” मी घरी आले, भात लावला, आणि जेवले नाही. तुम्ही आयुष्यभर समासात एकच चुकीची ओळ लिहिलीत, ती मला वाचवायला, आणि मी भर हॉलमध्ये तुम्हाला खोटारडं ठरवलं. बारा वर्षांच्या मुलीला एक वेळ माफी असते. मी बासष्ट वर्षांची आहे.

आज सकाळी तुमच्या ओळीखाली मी पेन्सिलीने लिहिलं, ‘मला दिसला नव्हता. मी गेलेच नव्हते. बेबी.’ नंतर हे पत्र लिहायला घेतलं. हे कुठे टाकायचं नाही, तेव्हा त्याच दोन पानांत ठेवते. ती मुलगी पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी येईल आणि आल्या आल्या तेच पान उघडेल. खरं सांगू? सकाळी मी पुस्तक काढलं ते लिहायला नव्हे. ती पानं परत शिवून टाकायला काढलं होतं. सुई ओवलेली अजून समोर आहे.