चंपाची झेप आणि भगवानरावांची पेन्सिल

मी, सुमनबाई धम्मानंद खिल्लारे, वय ६९, सेवानिवृत्त शिवण-शिक्षिका, राहणार बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण नुसती बुद्धी असून आपल्याकडे भागत नाही.

१. बोरीचे राहते घर व बँकेतील ठेव मुलगा सुगत यास. त्याने भांडू नये; भांडायला दुसरे कोणी नाहीच.

२. शिलाई मशीन भाची निकिता हिस. तिच्याकडे शिवणाचे प्रमाणपत्र नाही, पण तिने शिवलेला ब्लाउज उसवत नाही. प्रमाणपत्र नव्हते म्हणून मलाही अकरा वर्षे हंगामी ठेवले होते. जिला मी काज करायला शिकवले, ती कागद घेऊन आली आणि माझी साहेब झाली.

३. सुगतने पुण्याहून आणलेल्या फाशांच्या खेळाबाबत सविस्तर लिहिणे भाग आहे. यात प्रत्येकजण एकेक पात्र होतो. मी पंच, गोष्ट मी सांगते. कोणत्या कौशल्याचे प्रशिक्षण झाले, ते पात्राच्या कागदावर लिहितात. मोठी करामत करायची तर ते प्रशिक्षण आधी लागते. नसेल तर फासा टाकायचीही मुभा नाही.

निकिताचे पात्र चंपा; ती चार महिने गोष्टीतल्या छपरांवरून पळत होती. एका रविवारी दुपारी गोष्टीतला पूल तुटला. निकिता म्हणाली, "चंपा झेप घेते."

मी तिचा कागद पाहिला. "कसरतीचं प्रशिक्षण लिहिलेलं न्हाई. झेप मिळणार न्हाई."

चंपा नदीत पडून मेली.

त्याच वेळी शेजारचे भगवानराव, निवृत्त तलाठी, आपल्या कागदावर पेन्सिलीने हळूच 'कसरत' लिहीत होते. त्यांच्या पात्राला झेप मिळाली. मी पाहिले आणि गप्प बसले. ते वयाने मोठे, शिवाय टेबल त्यांचे.

"मावशी, चार मयने छपरावर पळायलेय मी. तूच पळवलंस ना?" एवढे बोलून निकिता उठली, ती दोन वर्षे आली नाही. मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा मेथीच्या भावावर बोलले.

गेल्या मंगळवारी जिंतूरला तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती हसली नाही. म्हणाली, "तोंडी कशाला? कागदावर लिहून दे."

४. सबब पंच या नात्याने तो निकाल मी रद्द करते. चंपा पलीकडच्या काठावर सुखरूप पोचली. नियमपुस्तक व पंचाची खुर्ची निकितास. त्यासाठी तिला कोणतीही पात्रता सिद्ध करावी लागणार नाही.

५. वीस बाजूंचा लाल फासा भगवानरावांना द्यायचा होता. परंतु साक्षीदार मीच, असा हट्ट धरून त्यांनी कच्च्या मसुद्यावरच सही ठोकली. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, उद्या कोणी शंका काढेल.

"बाई, ही अट आधी सांगायची न्हाई का?"

"तुमी विचारली का?"

फासा सुगतला.

लिहून देणार: सुमनबाई धम्मानंद खिल्लारे (सही)
साक्षीदार:
१. भगवानराव (सही, नाराजीने)
२. राजेश्री, शेजारीण (सही)
ठिकाण: बोरी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५