घर व कारखाना सुनेस, अट न घालता

येत्या सोमवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टरांनी "काळजी करू नका" असे तीनदा सांगितले, तेव्हा मी कागद पुढे ओढला. शिवाय धाकटे दीर या आठवड्यात दोनदा तब्येत विचारायला आले आणि दोन्ही वेळा छताच्या तुळया बघून गेले. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, वय एकाहत्तर, विधवा, रसायनशास्त्राची पदवीधर, सुताला रंग देण्याच्या कारखान्याची मालकीण, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात लिहिते. कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. बऱ्याच जणांच्या सांगण्याविरुद्ध लिहिते. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. आत्मा ज्याचा त्याला परत. देह दफनभूमीत, नवरा आणि मुलगा यांच्या शेजारी. उपासना अर्ध्या तासात आटपावी. त्या वेळी सुनेला कुणीही "देवाची इच्छा" असे म्हणू नये. मी ते एकदा म्हटले आहे, तेवढे पुरे.

कलम २. दिरांना माझ्या नवऱ्याचा लोकरीचा कोट द्यावा. भावाच्या दफनाच्या दिवसापासून त्यांचा त्यावर डोळा आहे. घरावर त्यांचा हक्क नाही. ते माझ्या कमाईचे असून कागदावर माझे एकटीचे नाव आहे. "वहिनी, ती सून आता आपल्यातली राहिली का?" असे त्यांनी विचारले होते. लेखी उत्तर: हो, राहिली.

कलम ३. घर, कारखाना, तिन्ही हौद, तराजू आणि नमुन्यांची खोली माझ्या सुनेला. ती सात वर्षे माझ्या हाताखाली होती. मी वजन आणि तापमान यांवर चालणारी. ती ओले सूत खिडकीपाशी धरून म्हणायची, "आई, वाळल्यावर हे उजळेल. थोडा निळा हवा." मी तिला तराजूकडे बोट दाखवायचे. सूत वाळले की तिचेच खरे निघायचे. हे मी तिला कधी सांगितले नाही. येथे नोंदवते.

कलम ४. खोडले आहे. येथे अट होती: घर हवे असेल तर जेवणापूर्वीची आमची उपकारस्तुती सुनेने चालू ठेवावी. का खोडली, ते लिहिणे भाग आहे.

आमच्या घरी नियम होता. ताटावर बसले की प्रत्येकाने त्या दिवसातली एक गोष्ट सांगून देवाचे आभार मानायचे. कालची गोष्ट चालत नसे. कुणी "सगळ्यासाठी" म्हटले की मी दुसरी मागे. मुलगा तर शाळेतून येतानाच गृहपाठासारखी एक गोष्ट तयार ठेवायचा. नियम वाईट नव्हता. तो मी वाईट वापरला.

मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. दफनानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी जेवायला बसलो. मी माझे आभार मानले आणि सुनेकडे पाहिले.

"आई, आज नको."

"आजच. चांगल्या दिवशी कुणीही म्हणतं."

"कशाबद्दल म्हणू? तुम्हीच सांगा."

"शोध, सापडेल. शेवटी देवाची इच्छा..."

"मग बसा शोधत," ती म्हणाली. भरलेले ताट तिने ओट्यावर ठेवले. दुसऱ्या दिवशी बॅग भरून बहिणीकडे गेली. याला नऊ वर्षे झाली.

मग टेबलाशी मी एकटी. नियम मोडायचा नाही, म्हणून रोज काहीतरी म्हणत होते: हवा आहे, पाणी आहे, पाय चालतात. तीन आठवडे देवापुढे नुसते रकाने भरले. एका दुपारी तेही जमेना. मोठ्याने म्हटले, "प्रभू, आज माझ्याकडे काही नाही. माझा मुलगा गेला हे वाईट झालं. त्याला मी चांगलं म्हणणार नाही." एवढे बोलले आणि पहिल्यांदा रडले.

जेवण तसेच टाकून, मुलगा गेल्यापासून बंद असलेला कारखाना उघडला. नमुन्यांच्या खोलीत अर्धवट राहिलेल्या मागणीच्या सगळ्या छटा जुळवलेल्या होत्या, प्रत्येकीला सुनेच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली. चिठ्ठ्यांवर तारीख ती गेली त्या दिवसाची होती. म्हणजे हे तिने जाण्याच्या दिवशी केले होते, माझ्यावर चिडलेली असताना. मी उभ्या उभ्या तिच्याबद्दल देवाचे आभार मानले. त्या तीन आठवड्यांतले तेवढेच खरे.

तेव्हापासून कठीण दिवसातही आभार मानते, पण आधी तक्रार सांगते. देव दोन्ही ऐकून घेतो. दुःखाला बरे म्हणणे ही उपकारस्तुती नव्हे. दुःखात तो आपल्याला सोडून गेला नाही, हे ओळखणे ही उपकारस्तुती. ते ज्याचे त्याला उमगते, ज्याच्या त्याच्या वेळेला. दुसऱ्याच्या ताटासमोर बसून वसूल करता येत नाही.

इतके कळूनही मी अट घातलीच. साक्षीला आलेल्या पाळकांनी ती वाचून चष्मा काढला.

"बाई, पुन्हा तेच?"

"तिच्या भल्यासाठी आहे."

"तेव्हाही भल्यासाठीच होतं ना?"

शेजारची नर्स, दुसरी साक्षीदार, तोंडावर हात ठेवून हसली. मी तिच्याकडून पेन घेतले आणि कलम खोडले. सुनेने टेबलाशी बोलावे, गप्प बसावे किंवा टेबल विकून टाकावे. घर तिचेच.

कलम ५. बँकेत जे उरेल ते कारखान्यातल्या दोघी कामकरणींना सारखे. दोघी माझी बोलणी खाऊन टिकल्या.

ठिकाण: राहते घर, मागची खोली.
दिनांक: चौदा, शनिवार, सकाळी अकरा.
सही: लिहून ठेवणारी.
साक्षीदार: पाळक (सही). शेजारची नर्स (सही).

सुपूर्द केल्याची नोंद, त्याच दिवशी दुपारी चार.

नर्सने फोन केल्यावर सून आली. वरील सर्व तिने उभ्यानेच वाचले. मी साक्षीदारांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आई, नऊ वर्षं लागली होय?" मी हो म्हटले. मग ती बसली.

१. कारखान्याच्या किल्ल्या, दोन. घेतल्या.

२. घराचे कागद. परत केले. "बऱ्या होऊन या, मग बघू" असे म्हणाली.

३. दवाखान्याची फाईल. ही मी देत नव्हते. तिने मागून घेतली. सोमवारी सकाळी सहाला रिक्षा घेऊन येते म्हणाली. मिळाल्याची सही केली.