मनगटावरचा काळा दोरा

धार, कार्तिक वद्य चतुर्थी, शके १८३०. दिवेलागण.

माती खणून हाताला फोड आले आहेत, अक्षर वाईट येईल. येऊ दे.

देवासला आबा वस्तादांनी मला दांडपट्ट्यात तयार केले आणि सर्वांदेखत मनगटावर काळा दोरा बांधला. तो दोरा म्हणजे नव्यांना शिकवायचा अधिकार. पुढे आबा वारले आणि माझी नोकरी धारला आली. आज इथल्या आखाड्यात गेलो. वस्तादांनी पट्टा फिरवायला लावला, नीट पाहिला आणि म्हणाले, "भिया, हात अच्छा आहे. पण हा दोरा दुसऱ्या घरचा. तो उतरवा, मग आमचा बांधू."

मी सोडला. का सोडला? पट्ट्याशिवाय राहवत नाही म्हणून, दुसरे काय!

सोडल्यावर म्हणतात कसे, "आमच्याकडे दोरा दसऱ्यालाच बांधतात. तोवर माती खणा." दसरा तर नुकताच झाला! हे आधी सांगायला जीभ झडली होती? नवशिक्यांबरोबर उन्हात माती खणली. दोऱ्याच्या जागी मनगटावर गोरी रेघ उघडी पडली होती. सगळे तिच्याकडेच बघत होते.

घरी येऊन दोरा पुन्हा बांधू लागलो. एका हाताने गाठ बसेना. हिला म्हटले, तूच बांध. तिने हात मागे घेतला.

"मी कशी बांधू? हा आबांनीच बांधायचा ना?"

दोरा पुढ्यात पडला आहे. उद्या पुन्हा उन्हात खणायचे. थोड्या दिवसांत ती रेघही बुजेल.