मास्तरांच्या घरचा चहा

मास्तर, त्या रविवारी संग्रहालयाची दोन्ही तिकिटं मी काढली, कॉफीही मीच पाजली. ते काही फार नव्हतं. महाग पडलं ते वेगळंच. दिवसभर तुमचं कौतुक मला तुमच्या लाडक्याच्या तोंडून ऐकावं लागलं.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. तो जर्मनीत आखनला डॉक्टरेट करत होता, मी बॉबलिंगेनच्या एका कारखान्यात लेथवर. लहानपणी तुमच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही एकाच बाकावर बसायचो, पण शाळा सुटल्यावर तुम्ही घरी न्यायचात ते त्याला. मला नाही, एकदाही नाही. मागच्या बाकावरची कुजबुजही टिपणारा माझा कान मात्र तुम्ही धरायचात. "हा कान आहे की रेडिओ? समोर बघ!" वर्ग हसायचा. मीही हसायचो.

तर त्या रविवारी ग्रीक-रोमन मूर्तींच्या दालनात तो शिरतो आणि हात मागे बांधून थेट तुमच्यासारखा चालायला लागतो. नाक तुटलेल्या एका संगमरवरी बाईपुढे थांबून म्हणतो, "मास्तर म्हणायचे, जी बोलत नाही तिच्याकडे जास्त नीट बघावं लागतं. घरी ओट्यावर बसून सांगितलं होतं, लेका." वर्गातलं तुमचं एकेक वाक्य मला पाठ, आणि हे एवढं एक त्याच्या एकट्याच्या वाट्याला! मी मूर्तीकडे पाठ करून पुढच्या दालनात निघालो.

संग्रहालयाच्या मागच्या बागेत कुंड्यांतून अंजीर, लिंबू, रोझमेरी लावलेली. थंडी पडली की सगळं उचलून आत न्यायचं. तिथं कॉफी पिता पिता मी ठोकून दिलं, "मलाही न्यायचे घरी, तू आजारी असलास की. काकू आतून हाक मारायच्या, 'अहो, त्या पोराला चहा हवाय का विचारा!' काय गोड आवाज! अजून कानात आहे." त्यानं कप खाली ठेवला. मग इथल्या लोकांसारखं "या, या", म्हणजे आपलं 'हो, हो', म्हणाला आणि स्वतःच्या बशीतला अर्धा केक माझ्या बशीत सरकवला. मला वाटलं, जळला. संध्याकाळी त्याला आखनच्या गाडीत बसवलं आणि शीळ घालत खोलीवर आलो.

पुढे माझा स्वतःचा कारखाना झाला. नातवंडं आता मला जर्मनमध्ये उत्तरं देतात. तुमच्या घरचा तो चहा मी इतक्या जणांना सांगितला की काकूंचा आवाज मलाच खरा वाटू लागला. तुम्ही आता जिथं गेलात तिथं हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच एवढं बिनधास्त लिहितोय. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला होता. दोघेही म्हातारे, बोलता बोलता गाडी तुमच्यावर आली. सहज म्हणाला, काकू बोटांनी कपाचा आकार करून चहा विचारायच्या. जन्मापासून त्यांना बोलता येत नव्हतं.